कापडाला कायदा मिळाला, गाण्याला कपाट

हॅरिस ट्वीड हे लोकरी कापड स्कॉटलंडच्या वायव्येला असलेल्या आउटर हेब्रिडीज बेटांवर तयार होतं. ब्रिटिश संसदेने १९९३ मध्ये या एका कापडासाठी स्वतंत्र कायदा केला. लोकर शुद्ध हवी, त्याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली हवी, एवढ्यावर तो थांबत नाही. कापड बेटावरच्या माणसांनी आपापल्या घरी, हाताने विणलेलं हवं, असंही तो बजावतो. कारखान्यात विणलं की ते हॅरिस ट्वीड राहत नाही. संसदेच्या कायद्याने ‘घरी’ या शब्दावर एवढा अडून बसावं याची मला गंमत वाटते. आणि तो हट्ट फळाला आला आहे. लुईस आणि हॅरिसमध्ये घरामागच्या शेडमधले माग आजही चालू आहेत.

याच कापडाबरोबर याच घरांत गाणीही होती. त्यांच्या वाट्याला असा हट्ट आला नाही. त्यांना ध्वनिमुद्रण मिळालं, संग्रह मिळाला, स्पर्धा आणि पदकं मिळाली, शिष्यवृत्त्या मिळाल्या. हे सगळं मोलाचं आहे, आणि ते झालं नसतं तर आज हा लेख लिहायलाही काही उरलं नसतं. तरी माझं म्हणणं असं की गेलिक, म्हणजे या बेटांच्या जुन्या भाषेतल्या, गाण्याच्या जतनाचा पैसा आणि शहाणपण गेली शंभर वर्षं गाण्यामागे धावलं, गाण्याच्या निमित्तामागे नाही. आणि घरातलं गाणं निमित्त गेलं की जातं, मग त्याच्या कितीही प्रती काढून ठेवा.

निमित्त म्हणजे काय, ते कापड बडवण्याच्या प्रसंगात सर्वांत स्वच्छ दिसतं. मागावरून उतरलेलं कापड सैल आणि तेलकट असतं. ते आकसून घट्ट व्हावं, वारा-पाऊस अडवणारं व्हावं, म्हणून बायका ते शिळ्या मूत्रात भिजवायच्या. हे मूत्र घरोघर मुद्दाम साठवलेलं असे, कारण त्यातल्या अमोनियाने तेल निघतं आणि रंग पक्का बसतो. मग आठ-दहा जणी लांब फळीभोवती बसत. फळी नसली तर दार बिजागरीवरून काढून आडवं टाकत. ओलं, जड कापड आपटायचं, ओढायचं, पुढे सरकवायचं, तेही सूर्य फिरतो त्याच दिशेने. हे तासन् तास करायचं तर ताल हवा. एक बाई ओळ म्हणे, बाकीच्या धृपद उचलत. धृपद बहुतेक वेळा अर्थ नसलेल्या अक्षरांचं, ‘हो रो’, ‘हि रि’ अशा जातीचं. पण ही अक्षरं वाटेल तशी नसतात. प्रत्येक गाण्याची आपली ठरलेली असतात आणि त्यांवरूनच गाणं ओळखलं जातं. एका बैठकीत तेच गाणं दुसऱ्यांदा म्हणणं अशुभ मानत. म्हणजे कापड लांब असेल तर गाणीही तेवढी पाठ हवीत! शेवटी कापड गुंडाळताना हलकीफुलकी गाणी, लग्नाच्या पोरींची नावं गावातल्या पोरांशी जोडून चिडवणारी. गेलिकमध्ये या सगळ्यांना ‘ओरान लुअय’ म्हणतात. आपण बडवणीची गाणी म्हणू.

या बैठकीत कोणी कोणाला गाणं शिकवत नव्हतं. मुलगी मोठी होता होता फळीशी बसायची, आधी धृपदात, मग कधीतरी ओळ घेणारी म्हणून. गाणं कापडासाठी होतं, परंपरेसाठी नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बडवायचं काम यंत्रांकडे गेलं आणि फळी उठली. फळीबरोबर गाणं शिकण्याची ती वाटही बुजली.

मराठी वाचकाला इथे जातं आठवल्याशिवाय राहणार नाही. पिठाची गिरणी आली आणि पहाटेची ओवी थांबली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या आता ग्रामीण भारताचा संग्रह असलेल्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकताही येतात. साम्य खरं आहे, पण एक फरक त्याहून महत्त्वाचा. आपल्याकडे काम गेलं, पण घरात मराठी राहिली. ओवी न गाणाऱ्या नातीला आजीची ओवी समजते, निदान बरीचशी. हेब्रिडीजमध्ये आधी काम गेलं आणि मागोमाग भाषाही घरातून निघाली. पणजीचा आवाज संगणकावर लावला तर पणतीला तो परदेशी वाटतो.

१८९१ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे अडीच लाखांवर होते. त्याआधी १८७२ च्या शिक्षण कायद्याने शाळा सक्तीची केली आणि त्यात गेलिकचं नावही घेतलं नाही. शाळेत गेलिक बोललं म्हणून मार खाल्लेल्या पिढ्या पुढे आईबाप झाल्या. त्यांनी मुलांशी इंग्रजी बोलायचं ठरवलं. त्यांना दोष देणारे लोक मला आवडत नाहीत. ग्लासगोच्या गोदीत किंवा कॅनडाच्या जहाजावर काम मिळवायचं तर इंग्रजी लागत होतं, आणि पोटचं पोर आपल्यासारखं हसण्यावारी जाऊ नये असं कोणत्याही आईला वाटेल. आज मात्र आकडे मजेशीर वळण घेतात. २०११ मध्ये गेलिक बोलू शकणारे सुमारे ५७,००० होते, २०२२ मध्ये ते ६९,००० च्या वर गेले. सरकारने आनंद मानावा असंच हे चित्र. त्याच जनगणनेत आउटर हेब्रिडीजमध्ये, म्हणजे भाषेच्या शेवटच्या गडात, बोलणाऱ्यांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आलं. तिथे ते प्रथमच निम्म्याखाली गेलं. २०२० मध्ये बेटांवरच्या गेलिक समाजाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोजच्या व्यवहारात गेलिक वापरणारा समाज त्याने सुमारे ११,००० माणसांचा धरला, आणि असंच चाललं तर दशकभरात तोही समाज म्हणून उरणार नाही असा इशारा दिला. शिकणारे वाढत आहेत, घरं कमी होत आहेत. गाण्याच्या जतनाचा विचार या एका वाक्यापाशी सुरू व्हायला हवा, आणि तो नेमका इथेच टाळला जातो.

जतन करणाऱ्यांचा इतिहास रंजक आहे. मार्जरी केनेडी-फ्रेझर यांनी १९०९ पासून हेब्रिडीजच्या गाण्यांचे खंड काढले. चाली पियानोवर बसवल्या, शब्दांना शहरी दिवाणखान्यात शोभेल असं धुकट, रोमँटिक रूप दिलं. गाणी जगभर गेली खरी, पण ज्यांची होती त्यांना ती आपली वाटेनात. याच्या अगदी उलट मार्गारेट फे शॉ. पेनसिल्व्हेनियात जन्मलेली ही बाई १९२९ मध्ये साउथ यूइस्ट बेटावर आली आणि पेगी आणि मारी मॅक्रे या दोन बहिणींच्या घरी १९३५ पर्यंत राहिली. त्यांच्याबरोबर घरातली कामं केली, भाषा शिकली आणि स्वयंपाकघरात कानावर पडेल ते कागदावर उतरवलं. तिचं पुस्तक १९५५ मध्ये आलं. त्यात गाण्यांच्या शेजारी औषधं, रंग करायच्या कृती, म्हणी असं सगळं येतं, कारण त्या घरात गाणं या सगळ्यांबरोबरच नांदत होतं. मला तिचं काम सगळ्या संग्रहांत श्रेष्ठ वाटतं, आणि त्याचं कारण तिचा कान जितका, तितकंच तिचं बिऱ्हाड आहे.

१९५१ मध्ये एडिनबरा विद्यापीठात ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’ सुरू झालं. कॅलम मॅक्लेन आणि हेमिश हेंडरसन यांच्यासारखे लोक जड टेपरेकॉर्डर घेऊन बेटं आणि भटक्यांचे तंबू पालथे घालू लागले. त्यातलं पुष्कळसं २०१० पासून ‘टोबर अन दुअल्खाइश’ या संकेतस्थळावर कोणालाही फुकट ऐकता येतं. दुसऱ्या बाजूला मॉड. १८९२ पासून भरणारा हा गेलिक गाण्याचा वार्षिक मेळा. गायनवृंद, परीक्षक, सुवर्णपदक. आणि तिसरीकडे बाजार. १९९२ मध्ये कॅपरकेली या बँडने चारेकशे वर्षं जुनं बडवणीचं गाणं ब्रिटनच्या पहिल्या चाळीस गाण्यांत नेऊन बसवलं. हे झालं म्हणून कितीतरी तरुणांना आपल्या भाषेची लाज वाटेनाशी झाली असेल, आणि लाज जाणं ही लहान गोष्ट नव्हे.

मग अडलं कुठे? एक गाणं घेऊन बघू. १५७० मध्ये ग्लेनस्ट्रेच्या ग्रेगर मॅकग्रेगरचा शिरच्छेद झाला. तो करवणारे त्याच्या बायकोच्या माहेरचे, कॅम्बेल कुळातले. तिच्या मांडीवर तान्हं मूल. तिच्या नावाने चालत आलेलं गाणं अंगाई आहे आणि विलापही: इतर बायका नवऱ्याशेजारी निजल्या आहेत आणि मी बिछान्याच्या कडेला हात आपटत बसले आहे, असं ती बाळाला सांगते. माहेरानेच सासर उजाड केलं, ही गोष्ट मराठी बाईला समजावून सांगावी लागणार नाही. पण मला नवल वाटतं ते निराळ्याचं. एवढी रक्ताळलेली गोष्ट साडेचारशे वर्षं पोरांना निजवायला वापरली गेली. प्रत्येक पिढीत कोणाला तरी रात्री मूल निजवायचं होतं, आणि ते गेलिकमध्ये निजवायचं होतं. म्हणून गाणं पुढे गेलं. इतिहासाच्या ओढीने ते शंभर वर्षंही टिकलं नसतं. संग्रहात त्याचा एक पाठ असतो, गायिकेचं नाव, तारीख, गाव. घरात ते अंगाईच्या वेळी, दिवा मालवल्यावर असतं. मूल कुरकुरलं की एक कडवं जास्त, झोपलं की मधेच तोडलेलं. हा वापर टेपवर येत नाही. टेपवर गाणं पूर्ण असतं, आणि अंगाई कधीच पूर्ण म्हटली जात नाही.

घराण्यांकडे वळतो. आपल्याकडच्या संगीत घराण्यांसारखी ती नाहीत. गंडा, रियाज, मैफल असलं काही नाही. बॅरा बेटावरची फ्लोरा मॅकनील (१९२८–२०१५) आई आणि मावशांकडून ऐकत मोठी झाली. पुढे एडिनबरात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करू लागली आणि १९५१ मध्ये ॲलन लोमॅक्स या अमेरिकन लोकगीत-संग्राहकाच्या रेकॉर्डरसमोर तिची गाणी आली. जगाने तिला थोर गायिका म्हटलं. तिची मुलगी मॅगी मॅकिनिस आज तीच गाणी गाते, हार्पवर वाजवते. दुसरं उदाहरण स्काय बेटावरच्या ग्रीप गावच्या कॅम्बेल कुटुंबाचं. केना कॅम्बेल गायिका आणि शिक्षिका, तिच्या मुली मेरी ॲन आणि विल्मा केनेडी गायिका. २०१३ मध्ये या कुटुंबाच्या गाण्यांचं आणि इतिहासाचं पुस्तकच निघालं. यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की मेरी ॲन वाढली ती ग्लासगोत. समुद्र नाही, शेत नाही, फळी तर नाहीच. तरी गाणं गेलं नाही, कारण शहरातल्या त्या घरात गेलिक चालू राहिलं आणि नातेवाईक जमले की गायचं हा शिरस्ता चालू राहिला. बेट सुटलं, निमित्त सुटलं नाही.

अशी घरं दाखवून काही मंडळी म्हणतात, बघा, ज्यांना जपायचं त्यांनी जपलं. हा युक्तिवाद मला अन्यायाचा वाटतो. असामान्य गळा आणि असामान्य जिद्द असलेल्या दोन-चार कुटुंबांवर सगळ्या समाजाचं मोजमाप कसं करायचं? शिवाय पूर्वी कुटुंब म्हणजे चार भिंतींतली माणसं नव्हती. संध्याकाळी शेजाऱ्याकडे जाऊन बसण्याला ‘केली’ म्हणत. गावात एखादं घर असं असे की तिथे रोज जमायचं, गोष्टी व्हायच्या, गाणी व्हायची. पोराला आईचं गाणं आईकडूनच मिळायचं असं नाही, पलीकडच्या म्हातारबाकडूनही मिळायचं. आज त्याच गावात निम्मी घरं सुट्टीपुरती उघडत असतील तर एकट्या आईने किती गायचं?

निमित्त टिकलं की काय होतं याचा पुरावा लुईसच्या कर्मठ प्रोटेस्टंट घरांत सापडतो, तोही जरा उपरोधाने. धर्मपुनरुत्थानाच्या लाटेत तिथे ऐहिक गाणी पुष्कळ ठिकाणी पाप ठरली, तर कॅथलिक बॅरा आणि साउथ यूइस्टमध्ये ती मोकळी राहिली. पण लुईसमध्ये घरोघर सकाळ-संध्याकाळ बायबल वाचून स्तोत्र गायची रीत होती. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती आपापल्या वळणांनी उचलायची. त्यामुळे गेलिक स्तोत्रगायन पिढ्यान् पिढ्या चाललं. कोणी ‘वारसा’ म्हणून जपलं नाही. जेवणासारखं ते रोजच्या रोज करायचं होतं, एवढंच. आपल्याकडे याचा धाकटा भाऊ न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये भेटेल. मराठीत धड दोन वाक्यं न बोलणारी मुलं गणपतीच्या आरत्या न चुकता म्हणतात, कारण वर्षातून काही दिवस घरात ताट, घंटा, झांजा आणि आजोबांचा वरचा सूर हजर असतो. अर्थ कळत नाही ही तक्रार रास्त आहे. पण तीच मुलं ओवी म्हणत नाहीत, अभंग क्वचित म्हणतात. फरक घरातल्या त्या ताटाचा आहे.

निमित्त मुद्दाम राखता येतं का? केप ब्रेटनचे लोक म्हणतील, येतं. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या या बेटावर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जाऊन राहिलेल्या गेलिक कुटुंबांनी कापड बडवायची बैठक चालू ठेवली. पुरुषही त्यात बसू लागले. आज टेबलाभोवती सगळे कापड आपटतात आणि गातात, पण त्या कापडाला आकसायची काही गरज नसते. काम संपलं, बैठक राहिली. हसू येईल, पण गाणं तिथे टेबलावर आहे, मंचावर नाही, आणि धृपद सगळ्यांना घ्यावं लागतं. बैठकीने तिथली भाषा मात्र वाचली नाही. गेलिक जन्मभाषा असलेले तिथे आता मोजकेच. म्हणून त्या प्रांताने ‘बुन इस बार’ नावाची योजना काढली, जिच्यात भाषा येणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाबरोबर शिकणाऱ्याने वेळ घालवायचा असतो. वर्ग नाही, सहवास. संग्रहाला माणसाची जोड देण्याचा हा सर्वांत शहाणा प्रयोग मला वाटतो.

सरकारने घरात डोकावू नये, आईने मुलाला कोणत्या भाषेत निजवावं हे सरकारचं काम नाही, असा आक्षेप येईल. मान्य. पण ती आई बेटावर राहू शकते का, तिला तिथे घर परवडतं का, नोकरी आहे का, हे सरकारचंच काम आहे. १९८१ मध्ये बॅरावर पहिला ‘फेश’, म्हणजे मुलांना गेलिक गाणी शिकवणारं शिबिर, भरला. मुलांना आपलीच गाणी येत नाहीत हे पाहून गावकऱ्यांनी तो सुरू केला, आणि आता त्याचं जाळं देशभर पसरलं आहे. तिथे शिकलेली पोरं गुणी आहेत. पण विशीत ती ग्लासगोला जातात आणि परत यायचं म्हटलं तर घर मिळत नाही, कारण ते सुट्टीवाल्यांनी घेतलेलं असतं. गाणं शिकवणाऱ्या शिबिराचं अनुदान संस्कृतीच्या खात्यात आणि घराचा प्रश्न दुसऱ्याच खात्यात. या दोन खात्यांची भेट होत नाही.

शिकून गेलिक झालेल्या नव्या पालकांना तर आजीच नाही. एडिनबरात, ग्लासगोत मुलांना गेलिकमध्ये वाढवणारी अशी जोडपी आहेत. त्यांच्यासाठी संग्रहातला आवाज हीच आजी. संग्रहाचा खरा उपयोग इथे आहे. त्याने संशोधकाइतकाच या घरांचा विचार करावा. तान्ह्या मुलाच्या बापाला चार अंगाया हव्या असतात, सूची-क्रमांक नको असतो.

२०२५ च्या स्कॉटिश भाषा कायद्याने गेलिकला अधिकृत दर्जा दिला आणि भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रदेश जाहीर करायची सोय केली. असे प्रदेश जाहीर होतील तेव्हा फलक आणि अधिकारी येतीलच. मला एक साधी गोष्ट तिथे हवी आहे. स्कॉटलंडमध्ये तीन आणि चार वर्षांच्या मुलांना वर्षाला १,१४० तासांचं बालसंगोपन सरकारी खर्चाने मिळतं. अंगाईचं वय त्याआधी संपलेलं असतं. या प्रदेशांत ते तास पहिल्या वर्षापासून द्यावेत, आणि गेलिक बोलणारी आजी, मावशी किंवा शेजारीण मूल सांभाळणार असेल तर पैसे तिला द्यावेत. गाणं म्हण अशी अट तिला घालू नये. मूल रडलं की ती काय करायचं ते करील.